परक्याची मूठ

बसा, त्या बाभळीच्या सावलीला बसा. फक्त त्या दगडावर नको. नाही हो, विटाळ वगैरे काही नाही त्यात, पण त्यावर आमच्यातलं कोणी बसत नाही. जवळ जाऊन बघा हवं तर. जात्याची तळी आहे ती, खालचा दगड. निम्म्या अंगावर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव आहेत आणि निम्मं अंग गुळगुळीत. काम अर्ध्यावर टाकून कारागीर उठून गेला, असं वाटतं ना? तो उठून गेला नाही, त्याला उठवून नेला.

आणि ही शाळवाची, रब्बी ज्वारीची, रास. मळणी झाली, उफणणी झाली, तरी कधीची अशीच पडून आहे. तुम्हांला वाटलं असेल, काय आळशी गाव आहे! गाव आळशी नाही. गाव वाट बघतंय. कुणाची ते कळेल, जरा दम धरा. आणि तो फोन ठेवा बघू खिशात. मला सांगायचं सुचत नाही समोर फोन धरला की.

ही गोष्ट सुलतानी अंमलातली. कुठला सुलतान, कुठलं साल, ते विचारू नका. आमच्या वाडवडलांनी सुलतानाचं नाव लक्षात ठेवलं नाही, भीती तेवढी लक्षात ठेवली. त्या काळी खेड्यात नाणं क्वचितच दिसायचं. सरकारचा सारा म्हणजे धान्य. निम्मी रास सरकारची, निम्मी गावाची, आणि वाटणी व्हायची ती इथंच, खळ्यावर. पण अंमलदार एक आणि गावं ढीगभर. तो येईपर्यंत रासेतलं कोणी काही चोरू नये म्हणून मळणी झाली की सरकारी माणूस यायचा. रासेभोवती ओल्या मातीचे गोळे थापायचा आणि त्यांवर लाकडी ठसा उमटवायचा. माती वाळली की एक दाणा हलला तरी ठशाला तडा जायचा. ठसा मोडला तर मोडणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, असा हुकूम. आणि मोडणारा सापडला नाही, तर गावच्या पाटलाचा.

त्या वेळी आमच्या ह्या उंबरढवचा पाटील होता बहिरू. पाटील म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं मोठाल्या मिशा आणि दरडावणारा आवाज येतो. मिशा होत्या त्याला. पण माणूस भित्रा, अगदी पार भित्रा. बाप गेला आणि पाटीलकी गळ्यात पडली, म्हणून पाटील. शेजारच्या गावच्या पाटलाचा हात असाच गेला होता. बहिरूनं त्याला बाजारात पाहिलं होतं. तो दातांत पागोट्याचं टोक धरून एका हातानं पागोटं बांधत होता. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. त्या दिवसापासून बहिरूला जेवण गोड लागेना, असं सांगतात. घास उचलला की तो आपल्याच मनगटाकडं बघत बसायचा.

त्या साली शाळू बरा आला होता. ठसा बसला. रासेवर राखण करायला दाऊद नावाचा एक शिपाई सरकारनं ठेवला. म्हातारा, गुडघे दुखणारा, स्वभावानं वाईट नव्हता. त्यालाही ठशाची तितकीच भीती, कारण राखणीत कसूर झाली तर त्याचीही गय नव्हती. अंमलदाराचा मात्र पत्ता नाही. आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता पाडवा उलटला. घराघरांतलं जुनं धान्य संपलं. लोक अंबाडीचा पाला शिजवून खायला लागले. समोर सोन्यासारखी रास, आणि तिच्याकडं बघत पाला गिळायचा! बायका पाणी आणायला जाताना खळ्याची वाट टाळून लांबून जायच्या. बघवत नव्हतं त्यांना.

बहिरू मात्र रोज खळ्यावर यायचा. सकाळी यायचा, दुपारी यायचा, दिवस मावळताना यायचा. रासेभोवती फिरायचा, एकेका ठशाजवळ वाकून बघायचा, चिमण्या हाकलायचा, कुत्र्यांना धोंडे मारायचा. लोक हसायचे.

"पाटील, रासेला दृष्ट लागेल तुमची," म्हणायचे.

"लागू दे. तडा नको जायला," बहिरू म्हणायचा. त्याला थट्टा कळायचीच नाही.

त्याच दिवसांत यलप्पा टाकारी गावात आला. जात्याला टाकी लावणारा, तेलंगणाच्या अंगाचा, दर सुगीला यायचा. जातं झिजून गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही, दाणे नुसते भरडतात. मग टाकी मारून त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. हे यलप्पाचं काम. मजुरी म्हणजे रासेतलं धान्य. रासच बंद, तर मजुरी कुठली? तरी तो थांबला. पाटलाच्या घरची तळी त्यानं इथं सावलीला आणून ठेवली आणि टाकी मारत बसला. रास उघडली की सगळ्यांच्या जात्यांचं काम मिळेल, असा त्याचा हिशोब. त्याच्या पोटातही काही नव्हतंच.

एका दुपारी दाऊद नमाजाला ओढ्याकडं गेला होता. ऊन रणरणत होतं. बहिरू रासेभोवती फिरत होता, ठसे बघत होता, आणि मनात दुसराच घोर चालला होता. अंमलदार आला नाही आणि मधेच अवकाळी आला तर काय, रास भिजली तर आळ कुणावर, असं काहीबाही. फिरता फिरता तो थांबला, वाकला.

आता बघा, शेतकऱ्याचा हात कसा असतो. रासेजवळ उभा राहिला की तो हात रासेत जातोच. विचारून जात नाही. मूठ भरायची, तळव्यावर घोळवायची, कोंडा फुंकायचा, चार दाणे तोंडात टाकून दाताखाली फोडायचे. दाणा कडक वाजला की शाळू वाळला. बापाला करताना बघितलेलं असतं, आपण जन्मभर केलेलं असतं.

बहिरूचा हात गेला. त्यानं मूठ भरली, घोळवली, फुंकली, दाणे तोंडात टाकले. कडक वाजले. आणि त्या आवाजानं तो भानावर आला.

बाबांनो, काय झालं असेल त्या माणसाचं! ज्यानं चिमणीसुद्धा रासेवर बसू दिली नाही, त्याच्याच तोंडात दाणे. समोर बघतो तर रासेला मूठभर खळगा, दाणे खाली घसरतायत, आणि शेजारचा ठसा मधोमध तडकलेला. त्यानं हातातले दाणे परत टाकले तर आणखी घसरले. तडा दाबायला गेला तर मातीचा टवका निघाला.  मान वर केली, तर सावलीत यलप्पा बसलेला. टाकी हातात तशीच. त्यानं सगळं पाहिलं होतं. आणि तो हसला म्हणे, सहज, माणूस माणसाची फजिती बघून हसतो तसा. बहिरू घराकडं पळत सुटला.

आणि दैव बघा कसं. इतके दिवस ज्याची वाट बघितली, तो अंमलदार नेमका त्याच दिवशी उतरत्या उन्हात आला.

मीर जमाल त्याचं नाव, असं सांगतात. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. हळू बोलायचा, आणि त्याचीच लोकांना जास्त धास्ती वाटायची. घोड्यावरून उतरला, रासेला एक फेरी मारली आणि तडकलेल्या ठशापाशी उभा राहिला. सगळा गाव गोळा झाला होता. 

"पाटील," मीर जमाल म्हणाला, "हे गावातल्या कुणी केलं?"

सांगायचं होतं बहिरूला. हात आपोआप गेला हुजूर, इतकंच सांगायचं होतं. पण डोळ्यांपुढं ते दातांत धरलेलं पागोटं आलं. त्याच्या तोंडून निघालं, "गावातल्या कुणी नाही, हुजूर."

बस्स, एवढंच बोलला तो. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडं बोट दाखवलं नाही. पण गावातल्या कुणी नाही म्हटल्यावर उरलं कोण? एकेक मान सावलीकडं वळली. परका, उपाशी, दुपारभर रासेशेजारी बसलेला, आणि मजुरीसाठी तिच्यावर डोळा ठेवून राहिलेला. शिपायांनी यलप्पाला दंडाला धरून उठवलं. टाकी दगडावर पडून खणकन वाजली. त्याला अजून वाटत होतं की हे आता निस्तरेल.

"पाटील, सांगा की," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. "अहो, सांगा की!"

बहिरूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. गावही गप्प. कुणाला वाटलं, हा चोर असेलही. कुणाला वाटलं, नसेल, पण हात आपल्यातल्या कुणाचा जाण्यापेक्षा... जाऊ द्या, कुणाला काय वाटलं ते आता कशाला काढायचं? त्या ओढ्याच्या वळणापाशी त्याला नेला. बायकांनी पोरांचे कान झाकले. तरी ती किंकाळी गावभर ऐकू गेली. ज्या हातानं तो टाकी मारायचा तोच हात गेला.

रास वाटली गेली. सरकारचं धान्य बैलांवर लादून गेलं. गावाला निम्मं मिळालं. लोक पोटभर जेवतील, असं वाटलं असेल तुम्हांला. पण ऐका पुढं काय झालं ते. गावाच्या वाट्याची रास सारखी करून ठेवली, तर सकाळी तिला मूठभर खळगा. आत पाच बोटांच्या खुणा. लोक म्हणाले, उंदीर असेल. खळगा बुजवला. दुपारी परत खळगा. रास दुसऱ्या जागी हलवली, तिथंही तेच. मग घाईघाईनं ती घरोघर वाटून टाकली आणि त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं.

आणि दुसरी गोष्ट अशी, की गावात परकं माणूस येईनासं झालं. वाटेवरच्या लोकांची बातमी वाटेवरून पसरते. टाकारी आला नाही, कल्हईवाला आला नाही, बांगड्यांचा कासार आला नाही, गोसावी भिक्षेला आला नाही. वाटसरू शिवेवरूनच वळून दुसऱ्या गावाला मुक्काम करायचे. घरोघरची जाती झिजून काचेसारखी झाली. बायका पहाटेपासून ओढून ओढून दमायच्या आणि पीठ म्हणून भरडा हाती यायचा. भाकरी थापताना फुटायची. परकं कुत्रंसुद्धा फिरकेना गावात. असं वर्ष काढलं त्यांनी.

पुढची सुगी आली. मळणी झाली, ठसा बसला, दाऊद परत राखणीला आला. आणि दुसऱ्याच सकाळी दाऊद धापा टाकत पाटलाच्या दारात.

"पाटील, चला. आधी चला."

बहिरू खळ्यावर आला. ठसे सगळे शाबूत. एकालाही तडा नाही. आणि त्या ठशांच्या मधोमध, रासेच्या पोटात, मूठभर खळगा. पाच बोटं स्पष्ट.

"अल्लाची शपथ, मी डोळ्याला डोळा लावला नाही," दाऊद म्हणाला. "मीच बुजवला होता एकदा. परत झाला. पाटील, मीरसाहेब बाजाराच्या दिवशी येतोय. मी काय सांगू त्याला? गेल्या साली परका होता. यंदा कोण आहे?"

यंदा परका कोणी नव्हता. बहिरूनं आपला उजवा हात काखेत धरला आणि तसाच घरी आला. ओट्यावर बसला, पाणी घेईना. त्याची बायको कोंडाई बाहेर आली. बघितल्या बघितल्या तिला कळलं.

"खळगा?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मग लहान मुलासारखा रडायलाच लागला. म्हणाला, "कोंडे, ती मूठ मी घेतली होती गं. माझ्या हातानं."

"मला ठाऊक आहे," कोंडाई म्हणाली.

तो रडता रडता थांबला.

"त्या दुपारी तुम्ही पळत आलात तेव्हा मिशीला कोंडा लागला होता शाळवाचा. मीच पदरानं पुसला. आणि गप्प बसले. मला तुमचा हात हवा होता." ती दारातच खाली बसली. "वर्षभर जातं ओढतेय मी. त्याच्या टाकीचा आवाज येतो कानांत. आता उठा, आणि त्याला शोधून आणा."

"तो येईल? माझं तोंड तरी बघेल?"

"नाही बघणार कदाचित. पण तुम्ही जाऊन तर बघा! इथं बसून हात काखेत धरल्यानं वाचणार आहे का तो?"

बहिरू निघाला. विचारत विचारत परगण्याच्या बाजारात पोचला. देवळाच्या मागं, भिंतीच्या पडवीत यलप्पा बसला होता. समोर कुणाचं तरी जातं. त्याची बायको नागम्मा दोन्ही हातांनी टाकी धरून होती आणि तो डाव्या हातानं हातोडी मारत होता. डाव्या हाताला अजून सवय नव्हती. एक घाव चुकला आणि तिच्या बोटावर बसला. ती ओरडली नाही. बोट तोंडात धरलं, जरा वेळानं काढलं, परत टाकी धरली. ते बघून बहिरूला पुढं पाऊल टाकवेना. शेवटी गेला आणि पायांवर कोसळला.

"उठा पाटील," यलप्पा म्हणाला. "पाया पडणं सोपं असतं. कशाला आलात?"

बहिरूनं पुष्कळ शब्द जुळवून आणले होते. पश्चात्ताप, पाप, देवाची करणी. त्यातलं एक बोलता येईना.

"भीतीनं आलो," तो म्हणाला. "रासेला परत खळगा पडलाय. अंमलदार येतोय. माझा हात जाईल."

यलप्पानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "हे मात्र खरं बोललात. वर्षापूर्वी बोलला असतात तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग नागम्माशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. तिनं जोरजोरात मान हलवली, नको नको म्हणाली, त्याच्या आखूड झालेल्या हाताला धरून ओढायला लागली. त्यानं तिला हळूच बाजूला केलं.

"येतो," तो बहिरूला म्हणाला. "तुमच्यासाठी येत नाही. ज्या मुठीसाठी माझा हात गेला, ती मूठ मला मिळालीच नाही. ती घ्यायला येतो."

बाजाराच्या दिवशी गाव असाच या खळ्याभोवती उभा होता. मीर जमाल आला. रासेला फेरी मारली. शाबूत ठसे बघितले, मधला खळगा बघितला. मग त्यानं मागच्या वर्षीचाच सवाल केला.

"पाटील, हे गावातल्या कुणी केलं?"

बहिरू पुढं आला. पागोटं काढून खाली ठेवलं आणि ह्याच दगडावर, ह्याच अर्धवट तळीवर आपला उजवा हात पालथा ठेवला.

"हुजूर, यंदाचं मला ठाऊक नाही. पण गेल्या साली ठसा मी मोडला. मीच मूठ घेतली. मी गप्प बसलो, आणि ह्याचा हात गेला."

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. शिपाई पुढं सरकले. आणि तेवढ्यात यलप्पा उठला, सगळ्यांच्या मधून चालत रासेपाशी गेला, आणि अंमलदाराच्या डोळ्यांदेखत डावा हात रासेत घातला. तडातड ठसे फुटले. ज्या आवाजाच्या भीतीनं गाव झोपत नव्हता, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तलवारी उपसल्या गेल्या. कोंडाईनं डोळे मिटून घेतले.

यलप्पानं मूठ वर धरली. "हुजूर," तो म्हणाला, "ह्या मुठीची किंमत तुम्ही गेल्या साली माझ्याकडून घेतलीत. आज मी माल उचलतोय."

मीर जमालनं हात वर केला आणि शिपाई जागच्या जागी थांबले. तो त्या आखूड हाताकडं बघत होता. हुकूम त्याचाच होता ना! आपण हात तोडला तो चुकीच्या माणसाचा, हे त्या हळू बोलणाऱ्या माणसाला सगळ्या गावासमोर कळलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, असं दाऊद पुढं जन्मभर सांगायचा.

"उचल," तो शेवटी म्हणाला. "हा ठसा मोडला असं आम्ही धरत नाही." मग त्यानं बहिरूकडं बोट केलं. "आता उरला हा. गुन्हा कबूल आहे. पण तुझं नुकसान ह्यानं केलंय, आम्ही..." तो थांबला. "आम्हीही केलंय. ह्याच्या हाताचं काय करायचं ते तू सांग."

यलप्पा रासेपाशी उभा राहून दाणे चावत होता. घाई नव्हती त्याला. सगळा गाव त्याच्या जबड्याकडं बघत होता. बहिरूचा हात दगडावर तसाच.

"ह्याचा हात तोडून मला टाकी मारता येईल का?" यलप्पा म्हणाला. "असू दे हात त्याच्याजवळ. दोन्ही वेळा जेवताना दिसू दे त्याला."

एवढं बोलून त्यानं उरलेले दाणे धोतराच्या ओच्यात टाकले आणि चालता झाला. कोंडाई मागं धावली, राहा म्हणाली, जमीन देतो, घर देतो म्हणाली. त्यानं वळून बघितलं नाही. पाटलाची ही तळी लोकांनी दाखवली, तिच्याकडंही बघितलं नाही. परत कधी तो ह्या गावात आला नाही. पण त्या दिवसानंतर रासेला खळगा पडला नाही, असं सांगतात.

आणि बहिरू? जगला की चांगला म्हातारा होऊन. पण त्याच्या हातावर कुणी तलवार चालवली असती तर बरं झालं असतं, असं कोंडाई म्हणायची. भाकरी मोडायला हात उचलायचा आणि तसाच धरून बसायचा. शेवटी शेवटी तीच त्याला भरवायची. मरताना त्यानं पोरांना जवळ घेतलं आणि सांगितलं, की उंबरढवच्या रासेत पहिला हात आपला जायचा नाही, परक्याचा जाईल. ती मूठ त्याची आहे. तिची किंमत कुणीतरी भरलेली आहे.

म्हणून हे असं आहे. तुम्हांला लोक सांगतील, उंबरढवचा पाहुणचार मोठा. पाहुणचार कसला डोंबलाचा! देणं आहे ते. सारा गेला, सुलतान गेले, ठसे गेले, नंतर आलेले साहेबही गेले. पण आजही ह्या खळ्यावर बाहेरचं माणूस येऊन मूठ घेत नाही, तोवर घरचं कोणी एक दाणा चाखत नाही. परक्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही. बहिरूच्या घराण्यातला जो कोणी असेल तो बोडक्या डोक्यानं शेजारी उभा राहतो.

एकच साल अवघड गेलं. ती महामारी आली ना, रस्ते बंद झाले, ते साल. शिवेवर बांबू आडवे टाकलेले. परकं माणूस येणार कुठून? रास पडून राहिली. त्यात अवकाळी आला. झाकायला ताडपत्री टाकली, तरी खालचा शाळू भिजला आणि त्याला कोंब फुटले. तरण्या पोरांनी भांडण काढलं, म्हणाली, खुळचटपणा बंद करा, घरात पीठ नाही. खरं होतं त्यांचं. पण हात घालायला मात्र एकही पोरगं पुढं होईना. बोलायचं आणि रासेकडं बघून मागं सरायचं.

मग एका सकाळी वरच्या सडकेनं माणसं चालत येताना दिसली. कामं बंद झालेली, शहरातून पायी घराकडं निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायांना चिंध्या बांधलेल्या. गाव दिसलं की ती माणसं वाट सोडून रानातून जायची, कारण जाईल तिथं त्यांना हाकलत होते. आमचा सगळा गाव बांबू ओलांडून त्यांच्या दिशेनं पळत सुटला. ती बिचारी घाबरली. मारायला आले असं वाटलं त्यांना. पुरुषांनी बोचकी टाकून हात जोडले, म्हणाले, आम्ही थांबत नाही, पाणीसुद्धा मागत नाही, जातो आम्ही. आणि बहिरूच्या घराण्यातला आत्ताचा पाटील त्या तापलेल्या सडकेवर बोडक्या डोक्यानं उभा, तोंडाला फडकं बांधलेलं, डोळ्यांना धार लागलेली. रासेकडं बोट करून विनवत होता, "या हो. आधी तुम्ही घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय आम्हांला खाता येत नाही."